अनेक सायकली गाडीवरून नेण्यासाठी रॅक कसा निवडावा

सायकलींचा रॅक घ्यायला निघालेला माणूस सहसा खोक्यावर छापलेला आकडा आधी पाहतो: ‘तीन सायकलींसाठी’, ‘चार सायकलींसाठी’. हा आकडा रॅकवर किती जागा आहेत एवढेच सांगतो. त्या जागांवर आपल्याच घरातल्या सायकली बसतील का, आपली गाडी तेवढा भार पेलेल का आणि दर वेळी रॅक चढवण्या-उतरवण्याचे काम घरातल्या माणसांना झेपेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. एकच सायकल न्यायची असेल तर बऱ्यापैकी बनावटीचा कोणताही रॅक चालून जातो. सायकली तीन-चार झाल्या, की वजन, लांबी, एकमेकांत अडकणारी हँडले आणि झाकले जाणारे मागचे दिवे हे सगळे प्रश्न एकदमच समोर येतात. म्हणून आधी सायकली मोजाव्यात, मग गाडीची पुस्तिका उघडावी आणि रॅकचा विचार त्यानंतरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी सायकलींचे वजन आणि मापे

सायकलीचे वजन घरी करणे सोपे आहे. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग सायकल उचलून घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांतला फरक काढावा. अंदाजावर विसंबू नये, कारण प्रकाराप्रकारात फार तफावत असते. हलकी रोड सायकल ७ ते १० किलोंची असते, माउंटन सायकल साधारण १२ ते १६ किलोंची भरते, मडगार्ड, स्टँड आणि मागची जाळी लावलेली पोलादी शहरी सायकल १५ ते २० किलोंपर्यंत जाते आणि बॅटरीवर चालणारी ई-सायकल २० ते ३० किलोंच्या घरात असते. ई-सायकलीची बॅटरी काढता येत असेल तर ती काढून गाडीत ठेवावी. त्याने साधारण अडीच ते चार किलो कमी होतात आणि पावसापाण्यापासून बॅटरीचे रक्षणही होते.

पुढच्या विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाकडे चार सायकली आहेत: बॅटरी काढल्यावर २१ किलोंची ई-सायकल, १५ किलोंची माउंटन सायकल, ८ किलोंची कार्बन फ्रेमची रोड सायकल आणि २० इंची चाकांची, १० किलोंची मुलाची सायकल. एकूण वजन ५४ किलो. चार सायकलींच्या रॅकवर चार सायकली, म्हणजे कागदावर सगळे जुळते आहे. प्रत्यक्षात काय होते ते पुढे दिसेल.

वजनाबरोबर चार-पाच मापेही लिहून ठेवावीत. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे, कारण चाके ठेवायच्या पन्हळीची लांबी ठरलेली असते आणि आजच्या लांब माउंटन सायकलींचे हे अंतर सव्वा मीटरच्या आसपास जाते. टायरची रुंदी पाहावी. चार इंच रुंदीचे फॅट टायर साध्या पन्हळीत बसत नाहीत आणि त्यांना नेहमीचा पट्टाही पुरत नाही. चाकाचा व्यास पाहावा, कारण मोठ्यांच्या सायकलींसाठी केलेल्या कित्येक रॅकांवर १६ किंवा २० इंची चाक नीट धरले जात नाही. हँडलची रुंदी मोजावी. माउंटन सायकलींची हँडले आता ७४ ते ८० सेंटिमीटरपर्यंत रुंद असतात आणि शेजारच्या सायकलीच्या सीटला नेमकी तीच अडतात. शेवटी फ्रेमचा आकार पाहावा: वरची दांडी सरळ आहे, उतरती आहे की लेडीज सायकलीसारखी ती दांडीच नाही, आणि फ्रेम धातूची आहे की कार्बनची.

गाडी किती पेलते

गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे शोधायचे असतात. एक टपावर चालवता येणाऱ्या भाराचा आणि दुसरा गाडीच्या मागे हिचवर (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीखाली बसवलेल्या नळीवर) किंवा टो बारच्या बॉलवर (त्याच कामाच्या दांड्याच्या गोल टोकावर) वरून पडणाऱ्या भाराचा. मागे किती वजनाचा ट्रेलर ओढता येईल तो आकडा वेगळा असतो आणि तो पुष्कळ मोठाही असतो. तो वाचून समाधान मानू नये. रॅकला लागू पडतो तो खाली दाबणाऱ्या वजनाचा आकडा, आणि तो अनेक लहान-मध्यम गाड्यांत ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो.

टपाचा आकडाही बहुतेक गाड्यांत साधारण ५० ते १०० किलोंचा असतो आणि तो गाडी चालत असतानाचा असतो. गाडी उभी असताना टप याहून कितीतरी अधिक वजन सहन करते, पण वळणावर, खड्ड्यात आणि जोरात ब्रेक दाबल्यावर वरचा भार ज्या झटक्याने ओढला जातो त्याचा हिशोब या कमी आकड्यात धरलेला असतो. मुख्य गोष्ट अशी, की या मर्यादेत सायकलींबरोबर टपावरच्या आडव्या दांड्या आणि प्रत्येक सायकलीची पन्हळही मोजावी लागते. आपल्या उदाहरणातल्या गाडीची टपाची मर्यादा ७५ किलो आहे असे धरू. दांड्यांचे ६ किलो आणि चार पन्हळींचे प्रत्येकी ४ प्रमाणे १६ किलो, असे २२ किलो सायकली चढण्यापूर्वीच खर्ची पडतात. उरतात ५३, आणि सायकली आहेत ५४ किलोंच्या. दांड्यांची स्वतःची मर्यादा टपाच्या मर्यादेहून कमी असू शकते आणि गाडीबरोबर मिळालेल्या दांड्यांच्या बाबतीत तर हे हमखास तपासावे. दोन आकड्यांपैकी लहान तो खरा.

आता मागची बाजू. बॉलची मर्यादा ७५ किलोंचीच आहे असे समजू. चार सायकलींचा पन्हळींचा रॅक स्वतःच ३० किलोंच्या आसपास असतो. ३० अधिक ५४ म्हणजे ८४ किलो. येथेही गाडे अडते. शिवाय हे वजन बॉलच्या नेमके वर पडत नाही, त्याच्या मागे लोंबते. मागच्या चाकांच्या आसापासून या भाराचा मध्य १.४ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांमधले अंतर २.६ मीटर आहे असे धरले, तर ८४ किलोंच्या भाराने पुढची चाके सुमारे ४५ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या आसावर जवळपास १३० किलो जास्तीचे येतात. एखाद्या लांब फळीच्या टोकावर वजन ठेवल्यावर दुसरे टोक जसे उचलले जाते, तसेच हे. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटू लागते, पुढचे दिवे वर जाऊन समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतात आणि मागे तीन माणसे व भरलेली डिकी असेल तर मागच्या आसाची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे चौथी सायकल म्हणजे केवळ आणखी १०-१५ किलो, असे समजू नये. ती सर्वांत बाहेर बसते आणि तिचा ओढा सर्वांत जास्त असतो.

अमेरिकी पद्धतीच्या हिचला गाडीखाली एक चौकोनी पोकळ नळी असते आणि तिच्यात रॅकचा दांडा सरकवून आडवी पिन घालतात. ही नळी सव्वा इंची किंवा दोन इंची असते. सव्वा इंची नळीवर बहुधा दोनच सायकली नेता येतात. तीन-चार सायकलींसाठी केलेले रॅक प्रायः दोन इंची नळीचेच असतात. सव्वा इंचीवर दोन इंचीचा रॅक चढवणारे जोड बाजारात मिळतात, पण जोड लावल्याने हिचची ताकद वाढत नाही. उलट भार थोडा आणखी मागे सरकतो. स्टेपनी मागच्या दारावर असल्यामुळे रॅक पुढे आणता येत नाही म्हणून लांबी वाढवणारी नळी लावतात, तेव्हा तर हिचची भार पेलण्याची क्षमता निम्म्यावर आली असे धरूनच चालावे.

रॅकचे प्रकार

डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा रॅक सर्वांत स्वस्त, सर्वांत हलका आणि ठेवायलाही सोपा. गाडीला हिच नसली तरी तो लावता येतो. मात्र त्यावर सहसा जास्तीत जास्त तीन सायकली नेता येतात, आणि प्रत्येकी सुमारे १५ किलोंची मर्यादा असल्याने ई-सायकलीचा प्रश्नच उरत नाही. वरचे पट्टे वजन धरतात, बाजूचे आणि खालचे पट्टे रॅकला हलू देत नाहीत. सहांपैकी एकही पट्टा सैल राहिला तर सगळी मांडणी डोलू लागते. डिकीच्या दाराची कड प्लास्टिकची असेल, वर स्पॉयलर असेल किंवा दार बहुतांशी काचेचे असेल, तर रॅक बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपल्या गाडीचे नेमके मॉडेल आणि वर्ष आहे का हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. लावण्याआधी दारावरची धूळ पुसून घ्यावी, कारण रबरी गादीखाली अडकलेले बारीक खडे वाटेतल्या थरथरीने रंग खरवडून काढतात. सायकली चढवल्यावर डिकी उघडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दोन हलक्या सायकली आणि क्वचितचा प्रवास, एवढ्यासाठी हा प्रकार ठीक आहे. त्यापुढे मी कोणाला तो सुचवणार नाही.

टपावरच्या रॅकाचे मोठे गुण दोन. मागचे दिवे, नंबर प्लेट आणि डिकी मोकळी राहते. आणि प्रत्येक सायकल आपापल्या पन्हळीत असल्याने एकमेकींना घासत नाही. दोषही तितकेच ठळक आहेत. दीड मीटर उंचीच्या गाडीवर दांड्या, पन्हळ आणि उभी सायकल मिळून उंची अडीच मीटरच्या वर जाते, आणि छत असलेल्या पुष्कळ वाहनतळांची कमान दोन मीटरच्या जरा वर असते. टपावर सायकली आहेत हे आठवण न राहिल्याने होणारे नुकसान एका क्षणात होते व त्यात सायकल, रॅक आणि टप तिन्ही जातात. म्हणून एकूण उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवावा. वाऱ्याचा अडसर हा दुसरा दोष. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गेल्यास तो जवळपास १.९ पट होतो. टपावर तीन-चार सायकली उभ्या असताना इंधनावर, आणि विजेच्या गाडीच्या बाबतीत एका चार्जवरच्या अंतरावर, याचा परिणाम चांगलाच जाणवतो.

चार सायकली टपावर बसवायच्या तर दांड्यांची लांबी पुरी पडते का हेही पाहावे लागते. सायकलींची तोंडे आळीपाळीने पुढे-मागे केली तरच रुंद हँडले एकमेकांना चुकवतात, आणि लहान गाडीच्या टपावर तरीही दोन-तीनच बसतात. उचलण्याचा भाग वेगळाच. २१ किलोंची ई-सायकल डोक्याच्या वर नेऊन अरुंद पन्हळीत नेमकी टेकवणे एकट्या माणसाचे काम नाही; बऱ्याच कंपन्या टपावर ई-सायकल नेण्यास मनाईच करतात. टपावरच्या काही पन्हळींत पुढचे चाक काढून चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) टोके अडकवायची असतात. त्याने सायकल खाली बसते आणि घट्ट राहते, पण तिचा आस साध्या क्विक रिलीजचा (हाताने कळ फिरवून सुटणारा) आहे की १२ किंवा १५ मिलिमीटरच्या आरपार आसाचा, त्यानुसार जोड वेगळा लागतो. शिवाय काढलेली चार चाके ठेवायला गाडीत जागा हवी. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकलीचे चाक काढल्यावर ब्रेक पॅडांच्या मध्ये प्लास्टिकची चकती घालावी. नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि चाक परत बसवताना खटाटोप करावा लागतो.

एकाहून अधिक सायकली वारंवार न्यायच्या असतील, तर बहुतेकांची निवड शेवटी हिचवरच्या किंवा टो बारवरच्या रॅकपाशी येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. सायकली कंबरेपर्यंतच उचलाव्या लागतात व गाडीची उंची वाढत नाही. यात तीन पोटप्रकार आहेत.

पहिला टांगायचा. एक उभा खांब, त्यातून मागे आलेले दोन हात आणि त्या हातांवर वरच्या दांडीने लटकलेल्या सायकली. चार सायकलींचा असा रॅक १६ ते २० किलोंचा, म्हणजे पन्हळींच्या रॅकाहून बराच हलका असतो. आपल्या उदाहरणात १८ किलोंचा धरला, तर ५४ मिळवून ७२ किलो होतात आणि ७५ च्या मर्यादेत बसतात. पण आता दुसऱ्या अटी आड येतात. प्रत्येक सायकलीची मर्यादा साधारण १५ ते १७ किलोंची असल्याने ई-सायकल बाद होते. मुलाच्या सायकलीची दांडी दोन हातांना पुरेल इतकी लांब नसते, म्हणून तिला आणि लेडीज सायकलीला सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत जोडायची वेगळी दांडी विकत घ्यावी लागते. कार्बनची फ्रेम पट्ट्याने आवळून लटकवणे मला पसंत नाही. तिच्या पातळ भिंती सरळ दिशेचा भार उत्तम घेतात, पण बाजूने चिमटले जाणे त्यांना सोसत नाही. आणि लटकलेल्या सायकली झुलतात. एकीचे पायडल दुसरीच्या फ्रेमवर तासन्‌तास घासत राहिले की रंगाखालचा धातू दिसू लागतो. साधारण सारख्या आकाराच्या, सरळ दांडीच्या, धातूच्या तीन-चार सायकली ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र हा रॅक कमी खर्चात चांगली सेवा देतो.

दुसरा पन्हळींचा. यात प्रत्येक सायकल आपल्या दोन चाकांवर उभी राहते. काहींत वरून येणारा हात फ्रेम पकडतो, तर काहींत पुढच्या टायरवर आकडा (हूक) दाबून बसतो आणि फ्रेमला काहीच लागत नाही. कार्बनच्या सायकलीसाठी मी डोळे झाकून दुसरी पद्धत निवडेन. तिची एक अडचण म्हणजे लांब मडगार्ड. आकडा टायरऐवजी मडगार्डवर टेकतो आणि ते वाकते किंवा तुटते. कार्बनची सायकल फ्रेम पकडणाऱ्या रॅकवरच न्यावी लागली, तर सीटखालची नळी कार्बनची नसल्यास हात तेथे लावावा, नाहीतर कंपनीचा कार्बनसाठीचा वेगळा गादीदार जोड वापरावा. पन्हळींच्या रॅकवर ई-सायकलही नेता येते, पण खोक्यावरची प्रत्येक सायकलीची मर्यादा नीट वाचावी. दोन सायकलींच्या रॅकला मागे आणखी दोन पन्हळी जोडून त्याचा चार सायकलींचा करता येतो, तेव्हा बऱ्याचदा ही मर्यादा कमी होते; दोन असताना प्रत्येकी २७ किलो चालणारा रॅक चार असताना तितके पेलेलच असे नाही. दोन पन्हळींमधले अंतरही पाहावे. ते कमी असेल तर एकीचे हँडल दुसरीच्या सीटमध्ये शिरते, आणि मग दर वेळी सीट खाली करणे किंवा हँडल वळवणे आले. पन्हळी थोड्या डावी-उजवीकडे सरकवता येत असतील तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरा उभा टांगायचा. सायकली पुढच्या चाकाने किंवा चिमट्याच्या वरच्या जोडाने, तोंड वर करून शेजारी शेजारी लटकतात आणि मागचे चाक खाली पट्ट्याने बांधले जाते. चार ते सहा सायकली न्यायच्या तर हाच प्रकार खरा कामाचा, कारण सगळ्या सायकली एकाच रांगेत गाडीजवळ राहतात; पाचवी आणि सहावी सायकल मागे मागे जात नाही. चिमट्याच्या जोडाने टांगणाऱ्या रॅकवर शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या माउंटन सायकली छान बसतात, पण रोड सायकलीचा चिमटा त्यात अडकत नाही. तिच्यासाठी चाक धरणारी टोपली हवी. पुढचे चाक खांद्याच्या वर उचलावे लागते, रॅक स्वतः जड असतो आणि त्याला दोन इंची हिच लागतेच. लहान मोटारीला तो शोभत नाही आणि झेपतही नाही.

मागच्या दारावरच्या स्टेपनीला बसणारे रॅक दोन, क्वचित तीन सायकलींचे असतात. त्या वेळी वजन दाराच्या बिजागऱ्यांवर येते हे विसरू नये. टपाला हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी कपांचे रॅकही मिळतात आणि स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर ते चांगले धरतात, पण तीन-चार सायकलींसाठी मी त्यांच्याकडे वळणार नाही.

मग उदाहरणातल्या कुटुंबाने काय करावे? माझे उत्तर असे: तीन सायकलींचा, पुढच्या टायरवर आकडा दाबून बसणारा, पन्हळींचा रॅक घ्यावा. तो २० किलोंचा धरला, तर ई-सायकल, माउंटन सायकल आणि रोड सायकल मिळून ४४ किलो, एकूण ६४. म्हणजे ७५ च्या मर्यादेत ११ किलो हातचे राहतात. मुलाची सायकल पुढचे चाक काढून डिकीत आडवी ठेवावी आणि खाली जुनी चादर अंथरावी. चार सायकली न्यायच्या असल्या तरी रॅक चारचाच हवा असे नाही.

दिवे, नंबर प्लेट आणि डिकी

मागच्या रॅकने दिवे, इंडिकेटर किंवा नंबर प्लेट झाकली जात असेल, तर नंबर प्लेट आणि दिवे असलेली जादा पट्टी रॅकवर लावणे बऱ्याच देशांत बंधनकारक आहे. टो बारवरच्या युरोपीय रॅकांत ही पट्टी अंगचीच असते आणि ७ किंवा १३ पिनांच्या सॉकेटमधून तिला वीज मिळते. गाडीचे सॉकेट ७ पिनांचे आणि रॅकचा प्लग १३ पिनांचा असेल तर जोड घ्यावा लागतो. हिचच्या आणि पट्ट्यांच्या रॅकांत ती सहसा नसते, तेव्हा तिचाही खर्च हिशोबात धरावा. सीमा ओलांडून जाणाऱ्यांनी तिथले नियम आधीच पाहावेत. स्पेन आणि इटलीत, उदाहरणार्थ, मागे बाहेर आलेल्या भारावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा, लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा चमकणारा फलक लावावा लागतो.

मागचा कॅमेरा आणि पार्किंगचे सेन्सर रॅकलाच अडथळा समजतात. सॉकेटला प्लग लागला की अनेक गाड्यांत हे सेन्सर आपोआप बंद होतात, इतरांत ते हाताने बंद करावे लागतात. डिकीचे दार बटणावर किंवा पाय हलवल्यावर आपोआप उघडणारे असेल, तर ती सोय रॅक लावलेला असताना बंद ठेवावी, कारण वर येणारे दार थेट सायकलीवर आपटते. सायकली उतरवल्याशिवाय डिकी उघडायची असेल, तर मागे झुकणारा किंवा दारासारखा बाजूला फिरणारा रॅक पाहावा. ‘झुकतो’ एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. चारही सायकली भरलेल्या असताना ६०-७० किलोंचा तो भार हाताने किंवा पायाच्या खटक्याने हळू खाली सोडता येतो का, आणि तो झुकल्यावर आपल्या गाडीचे दार पूर्ण उघडते का, हे दुकानातच करून पाहावे.

गाडीचा सायलेन्सर कोठे आहे ते वाकून पाहावे. त्यातून निघणारा गरम धूर सरळ मागे येत असेल आणि त्याच्या रेषेत सायकलीचे चाक येत असेल, तर टायर वितळणे किंवा कार्बनची रिम खराब होणे या खऱ्या घडणाऱ्या गोष्टी आहेत. सायकलीचे तोंड उलट करणे किंवा पन्हळ थोडी बाजूला सरकवणे एवढ्यानेही चाक धुराच्या रेषेबाहेर काढता येते.

घेण्यापूर्वी आणि पहिल्या प्रवासात

शक्य असेल तर गाडी आणि निदान दोन सायकली, त्यांत सर्वांत अवघड असलेली एक, दुकानात घेऊन जावे. रॅक आपल्या हाताने बसवून पाहावा. २०-२५ किलोंचा रॅक घरातल्या कोठीतून गाडीपर्यंत कोण नेणार, तो दुमडून कोठे ठेवणार आणि सायकली कोण उचलणार, या प्रश्नांची उत्तरे त्या पंधरा मिनिटांत मिळतात. ई-सायकलीसाठी चढणीची फळी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. जड सायकल उचलण्याऐवजी ढकलत वर नेता येते आणि पाठ वाचते.

हिचच्या रॅकचा दांडा नळीत किंचित सैल बसतो आणि खडखडतो. साध्या पिनेऐवजी आट्याची, आवळता येणारी पिन घेतली की हा खेळ नाहीसा होतो. चार सायकलींच्या लांब रॅकवर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण नळीपाशी मिलिमीटरभर असलेली ढिलाई शेवटच्या सायकलीपाशी स्पष्ट झुलताना दिसते. गाडीच्या मागे कॅरव्हॅन असेल आणि रॅक तिच्या मागे लावायचा असेल, तर ज्याला तशा वापराची स्पष्ट परवानगी आहे असाच रॅक घ्यावा. कॅरव्हॅनच्या शेपटीशी बसणारे हेलकावे गाडीच्या मागे बसणाऱ्या हेलकाव्यांपेक्षा कितीतरी मोठे असतात.

सायकली लावताना सर्वांत जड सायकल गाडीला लागून आणि सर्वांत हलकी सर्वांत बाहेर ठेवावी. तोंडे आळीपाळीने डावी-उजवीकडे करावीत. पंप, बाटल्या, पिशव्या आणि लहान मुलाची सीट काढून गाडीत ठेवावी. सैल गोष्टी वाऱ्याने उडतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातात. पायडल शेजारच्या सायकलीला टेकत असेल तर फोमचा तुकडा मध्ये बांधावा. सायकलींवर ताडपत्री टाकून सगळे एकत्र बांधू नये, कारण ती शिडासारखी फुगते आणि रॅकवर कल्पनेपलीकडचा ताण आणते. पट्ट्यांची लोंबती टोके गुंडाळून खोचावीत.

निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा, प्रत्येक खटका आणि हिचची पिन हाताने हलवून पाहावी, कारण टायर पन्हळीत बसले की पट्टे सैल पडतात. पुढेही प्रत्येक विसाव्याला एकदा हात फिरवावा. वेगाची मर्यादा रॅकच्या पुस्तिकेत दिलेली असते. युरोपीय रॅकांत ती बऱ्याचदा ताशी १३० किलोमीटर असते, पण खराब रस्त्यावर त्याच्या जवळपासही जाऊ नये. गाडीच्या मागे वाढलेली लांबी लक्षात ठेवून मागे घेताना कोणालातरी उतरवून उभे करावे. खोलगट उतारावर किंवा चढाच्या सुरुवातीला रॅकचे टोक जमिनीला टेकू शकते, विशेषतः मागचे सस्पेन्शन भाराने बसलेले असताना. रॅकबरोबर येणारी कुलुपे आणि पातळ तारा चोराला थोडा वेळ अडवतात इतकेच. जेवणासाठी थांबायचे तर गाडी नजरेच्या टप्प्यात लावावी आणि रात्री सायकली खोलीत न्याव्यात.

जुना रॅक घेण्यात काही गैर नाही, पण पुस्तिका, सगळ्या किल्ल्या आणि आपल्या गाडीच्या टपाला लागणारे जोड मिळत आहेत का हे आधी पाहावे. टपाच्या रॅकांचे पाय गाडीगणिक वेगळे असतात आणि ते स्वतंत्र घ्यायला गेले की स्वस्तात मिळालेला रॅक महाग पडतो. वेल्डिंगच्या जोडांपाशी रंगाला बारीक तडा आहे का, खाली गंज फुगला आहे का, हे बोट फिरवून तपासावे. रबरी पट्टे उन्हाने कडक होतात. पट्टा बोटाभोवती वळवल्यावर त्यावर बारीक भेगा उमटल्या, तर तो बदलल्याशिवाय त्या रॅकवर सायकल चढवू नये.